सिमेंटच्या कडेपर्यंत

११ मार्च, मंगळवार

कर्स्टीने आम्हा सगळ्यांना एकेक रबरी चेंडू दिला होता, बोटांच्या व्यायामासाठी. टीव्ही बघता बघता दाबत राहा म्हणाली. माझा चेंडू टॉप्सीच्या कुत्र्याने खाल्ला. कुत्र्याला काही झालं नाही, माझी बोटं मात्र आखडलेलीच राहिली. मग म्हटलं, शाळेत इतकी वर्षं पोरांकडून अक्षरं गिरवून घेतली, आता आपणच गिरवावं. लिहिणं हाही बोटांचा व्यायामच, आणि वही कुत्रं खात नाही.

मंगळवार बायकांचा, गुरुवार पुरुषांचा. कर्स्टी अ‍ॅलिसहून, म्हणजे शहरातून, गाडी हाकत येते, गावच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडते, मोठ्याने गाणी लावते. आम्ही बसल्या बसल्या पाय उचलतो, रबरी पट्टे ताणतो, टाचा आपटतो. मग चहा आणि फळं, आणि गप्पा. खरं सांगायचं तर निम्म्या जणी गप्पांसाठीच येतात. पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण "आंटी युनिस, पाठ ताठ" म्हणाली की पाठ आपोआप ताठ होते. शाळेत माझाही आवाज असाच होता.

शेवटचा व्यायाम मला जमत नाही. हात छातीवर बांधायचे आणि खुर्चीतून नुसत्या पायांच्या जोरावर उठायचं. गेल्या थंडीत मी चुलीपाशी पडले आणि सकाळपर्यंत उठता आलं नाही, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने स्पष्टच सांगितलं होतं. स्वतःहून उठता येत नसेल तर एकटीने राहता येणार नाही, अ‍ॅलिसच्या वृद्धांच्या घरात जावं लागेल. ते घर मी पाहिलंय. चारी मुलखांतली म्हातारी माणसं एका खोलीत भिंतीकडे बघत बसलेली, कुणाची भाषा कुणाला येत नाही. माझी लेक इथे नदीपलीकडे पुरलेली आहे. तिथून मला तिच्याकडे कोण आणणार? म्हणून मी जाते. पायांसाठी जाते.

माझी धाकटी बहीण टॉप्सी येत नाही. म्हणाली, "खुर्चीत बसून व्यायाम? मग मी निजून शिकार करते."

२० मार्च, गुरुवार

मर्लीन कांगारूचं शेपूट घेऊन आली. कागदात गुंडाळलेलं, जाडजूड, चांगलं. जावयांनी पाठवलं.

मर्लीन जावयांची बहीण. त्यांच्या-माझ्यात जे काही येतं-जातं ते तिच्या हातून. आम्हा इथल्या मूळ लोकांत सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत, एकमेकांचं नाव उच्चारत नाहीत. टॉप्सी माझी बहीण, म्हणजे तीही त्यांची सासूच, तिलाही तेच लागू. कर्स्टीसारख्यांना वाटतं की वैर असणार. वैर असतं तर बरं, निदान भांडता आलं असतं. हा मान आहे. ते दुकानातून बाहेर पडताना दिसले तर मी वळून दुसऱ्या वाटेने जाते, आणि मी दिसले तर ते भर उन्हात उभे राहतात, पाठ फिरवून, मी दिसेनाशी होईपर्यंत.

लेक गेली तरी हे संपत नाही. शेपूट पाठवणंही थांबलं नाही. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात ते तिला उचलून अंगणातल्या सावलीत ठेवायचे, सावली सरकली की पुन्हा उचलायचे, दिवसभर. मी कुंपणाच्या अलीकडे पाठ करून बसायचे आणि मर्लीन मला सांगायची, आता तिला पाणी पाजलं, आता तिचे केस विंचरले. तिची आठवण खरी म्हणावी अशी आता आम्हा दोघांनाच आहे आणि आम्ही एकमेकांशी तिच्याविषयी एक शब्द बोललेलो नाही.

मर्लीन म्हणाली, डॉक्टरांनी त्यांना घाबरवलंय. साखर पायात उतरली आहे. डाव्या पायाला खिळा टोचला तरी कळत नाही. आत्ताच हातपाय हलवले नाहीत तर पाय जाईल, आणि मग मुक्काम अ‍ॅलिसला. म्हणून गुरुवारी हॉलमध्ये जायला लागलेत, धुतलेला शर्ट घालून. जावयांबद्दल जास्त विचारणं बरं दिसत नाही. पण ऐकून जीव भांड्यात पडला.

शेपूट राखेत पुरून भाजलं. टॉप्सीने अर्ध्याहून जास्त खाल्लं आणि म्हणाली, जावई गुणाचे आहेत.

१ एप्रिल, मंगळवार

उठले. हात छातीवर, नुसत्या पायांवर. एकदाच, आणि कुडाची भिंत हलते तशी हलत, पण उठले. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कर्स्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. या पोरींचे डोळे फार लवकर भरतात. घरी येऊन टॉप्सीला करून दाखवायला गेले तर जमलं नाही. ती म्हणाली, हॉलमधली खुर्ची जादूची असेल. मी म्हटलं, असेना. मंगळवारी जादू तर मंगळवारी.

लेकीकडे जाऊन आले. तिलाही सांगितलं.

१५ एप्रिल, मंगळवार

कर्स्टीच्या ऑफिसने दोन फेऱ्यांची एक केली. कर्स्टी आता आठवड्यातून एकदाच येणार, मंगळवारी, बायका-पुरुष एकत्र. हे मला हॉलपाशी पोहोचल्यावर कळलं. म्हणजे कुणी सांगितलं नाही, जमिनीनेच सांगितलं.

हॉलच्या चारी बाजूंनी सिमेंटचा ओटा आहे. ओट्याच्या कडेपर्यंत लाल माती. तिथे ताजी पावलं होती, जावयांची. त्यांचे बूट जुने आहेत, गुरांच्या कामावर होते तेव्हाचे. डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. मला त्यांचा चेहरा धड माहीत नाही, पण त्यांचं पाऊल मी शंभरांत ओळखेन. ओळखायलाच लागतं, नाहीतर वाट कशी बदलणार?

पावलं सिमेंटवर चढली होती आणि परत आली नव्हती. म्हणजे जावई आत.

मी थबकले. परत फिरायचं तर माझी फिरलेली पावलं मातीत दिसणार. बाहेर पडल्यावर ते बघणार, त्यांना कळणार की आपल्यामुळे सासूबाई दारातून माघारी गेल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल आणि पुन्हा हॉलची पायरी चढायचे नाहीत. मग मीही सिमेंटवर चढले, दाराकडे न बघता ओट्यावरून बाजूने चालत गेले, आणि तिथून दुकानाकडे जाणारी सिमेंटची वाट धरली. सिमेंटवर माग उरत नाही. दुकानात जाऊन चहापत्ती घेतली आणि मागच्या रस्त्याने घरी आले.

१६ एप्रिल, बुधवार

टॉप्सी म्हणते, त्या पोरीला सांग दोन पाळ्या कर. आधी तू, मग ते. मी म्हटलं, काय सांगू? कुणामुळे ते सांगावं लागेल. ती बिचारी भोळी, लगेच जाऊन त्यांना म्हणेल, तुमच्या सासूबाईंची अडचण होते, तुम्ही नंतर या. जावयाच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल ते. टॉप्सी म्हणाली, मग मध्ये पडदा लाव. एका बाजूला तू पाय उचल, दुसऱ्या बाजूला ते. आणि आवाज आला तर? तर कुत्रं भुंकलं म्हणायचं. दोघी इतक्या हसलो की मला खोकला लागला.

हसून झाल्यावर ठरवलं. मी जाणार नाही. त्यांचा पाय आधी. ते माझ्याहून लहान आहेत, मर्लीनला त्यांच्याशिवाय कुणी नाही. माझं काय, घरी खुर्ची आहे, घरी करीन.

पण एक अडचण आहे. माझी पावलं हॉलपाशी दिसलीच नाहीत तर त्यांना संशय येईल. कालची पावलं त्यांनी पाहिली असणार, आणि मी आत नव्हते हेही त्यांना ठाऊक. त्यांनाही मान कळतो. सासूने आपल्यासाठी जागा सोडली म्हटल्यावर ते येणारच नाहीत. तेव्हा दर मंगळवारी कालच्यासारखंच करायचं. सिमेंटपर्यंत पावलं उमटवायची आणि दुकानाच्या बाजूने निघून जायचं. कर्स्टी मध्ये पडदा लावते, नाहीतर बायकांना आतल्या खोलीत बसवते, असं काहीतरी ते समजतील. ते काय समजायचं ते समजोत, त्यांनी आत जावं एवढंच.

टॉप्सीला हे सांगितलं नाही. ती चांगली आहे पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

गाणी सुरू झाली की मी निघते. त्यांची पावलं आधीच आलेली असतात, सिमेंटवर चढलेली. परतीचं एकही नाही. मग मी माझी उमटवते, दोन हात बाजूला, त्यांच्या पावलांना न ओलांडता. आतून कर्स्टीचा आवाज येतो, वर, खाली, वर, खाली. मी मनातल्या मनात पाय उचलते आणि दुकानाकडे वळते.

मर्लीन परवा भेटली. म्हणाली, मंगळवार आला की धुतलेला शर्ट मागतो, न चुकता जातो. आता शेवटपर्यंत बसतो म्हणे. मला इतकं बरं वाटलं की तिला राखेतली भाकरी दिली, अख्खी.

घरी खुर्चीत व्यायाम करायला बसले. दोन-तीनदा पाय उचलले, मग टॉप्सी आली, मग चहा झाला. एकटीने होत नाही. गाणं नसलं की पाय जड होतो.

२० मे, मंगळवार

कर्स्टी घरी आली होती, वर्ग संपल्यावर. अंगणात कुत्र्यांच्या गराड्यात उभी राहून म्हणाली, "आंटी युनिस, तुम्ही येत का नाही? मी काही चुकीचं बोलले का?" मी म्हटलं, कंबर दुखते. ती म्हणाली, त्यासाठीच तर यायचं. खुर्च्या रिकाम्या राहतात, आज तीनच जणी होत्या, आणि पुरुष तर येतच नाहीत. असं राहिलं तर ऑफिस बंद करेल.

मी तिला चहा दिला. तिची दया आली पण हसूही आलं. पुरुष येत नाहीत म्हणे. जावई मागे कुठेतरी भिंतीकडे तोंड करून बसत असतील, गप्प, टोपी डोळ्यांवर. लाजाळू माणूस तिला दिसतच नाही, तिला फक्त हसणारी माणसं दिसतात. आजच सकाळी मी त्यांची पावलं पाहिली. माणसं विसरतात, मोजायला चुकतात, चांगलं दिसावं म्हणून थापा मारतात. जमीन तसं करत नाही. हे तिला शहरात कुणी शिकवलेलं नाही.

जाताना तिने मला नवा चेंडू दिला. तो कपाटावर ठेवलाय, कुत्र्याला पोहोचणार नाही अशा जागी. मलाही पोहोचत नाही.

१० जून, मंगळवार

त्यांचं डावं पाऊल फिरलंय. पूर्वी सरळ पडायचं, आता अंगठा बाहेर आणि टाच ओढलेली. मी थोडा वेळ बघत राहिले. जावयांच्या पावलाकडे असं टक लावून बघू नये, पण राहवलं नाही. व्यायामाला वेळ लागतो, कर्स्टीच म्हणायची. आधी दुखतं, मग बरं होतं.

लेकीकडे गेले होते. खाली बसले ते चुकलं. उठताना क्रॉसला धरून उठावं लागलं आणि क्रॉस हलला. तिची माफी मागितली. टॉप्सीला म्हटलं, लाकूड कुजलंय.

१ जुलै, मंगळवार

जुलैची थंडी फार. सकाळी बादलीत बर्फ. त्यांच्या पावलांशेजारी आज काठीचं भोक होतं, प्रत्येक पावलाला एक. कर्स्टीने काठी दिली असेल. ती सगळ्यांना काही ना काही देते.

माझ्या दारात कुणीतरी जळण टाकून गेलं होतं. कुणीतरी म्हणजे काय, बाजूला काठीची भोकं होतीच. त्या पायाने इतकी लाकडं ओढली. मी रागावले, आणि मग चुलीपाशी बसून रडले. माझ्या लेकीने माणूस चांगला निवडला होता. हे मी तिला कधी सांगितलं नाही, तेव्हा वाटायचं की फार बोलू नये.

८ जुलै, मंगळवार

वारा. माती सगळी उडालेली, ना त्यांची पावलं ना माझी. दुकानापर्यंत जायला दोनदा थांबावं लागलं.

२२ जुलै, मंगळवार

हॉलला कुलूप. दारावर कर्स्टीच्या हातचा कागद, खाली तिने हसरा चेहरा काढलाय पण तो हसत नाहीये. लोक येत नाहीत म्हणून कार्यक्रम बंद. सगळ्यांची आठवण येईल. एवढंच.

मला इतका राग आला. आळशी मेले. पोरगी अर्धा दिवस गाडी हाकत यायची आणि यांना घरापासून हॉलपर्यंत येववत नाही. मान होता म्हणून मी अडले, पण बाकीच्यांना काय झालं होतं? टॉप्सीला बोलले. ती म्हणाली, "मला का बोलतेस, मी तर पहिल्यापासून नाही म्हटलं होतं." मग आम्ही दिवसभर बोललो नाही.

एक माणूस इमानाने जात होता, त्याचं आता काय?

५ ऑगस्ट, मंगळवार

दवाखान्याचं विमान आलं. धावपट्टीवर धूळ दिसली की सगळं गाव विचारतं, कुणासाठी? मला विचारावं लागलं नाही. मर्लीन पिशवी घेऊन गाडीत बसताना दिसली.

पायाला जखम होती, बुटाच्या आत. त्यांना कळलीच नाही. वास आला तेव्हा मर्लीनने जबरदस्तीने बूट काढला. आता अ‍ॅलिसला पाय कापणार, गुडघ्याच्या वर की खाली ते माहीत नाही. टॉप्सी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

एवढा व्यायाम करून. एवढे मंगळवार. मग त्याचा उपयोग काय? डॉक्टर सांगतात, नर्स सांगते, पोरी गाड्या हाकत येतात, आणि शेवटी विमान येतंच. कधी वाटतं की आमच्यासाठी ते विमानच खरं आहे, बाकीचं सगळं ते येईपर्यंत वेळ घालवायला.

२७ ऑगस्ट, बुधवार

जावई गेले. काल, हॉस्पिटलात. पाय कापल्यावर ताप उतरलाच नाही.

गावात आकांत सुरू आहे. त्यांचं नाव आता कुणी घ्यायचं नाही. दुकानातल्या एका पोराचंही तेच नाव आहे, त्याला आता दुसऱ्या नावाने हाक मारतील. सगळे एकमेकांना आठवण करून देतायत, चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून. मला कुणी आठवण करून दिली नाही. मी ते नाव कधी घेतलंच नव्हतं, मला सोडायला काहीच नव्हतं.

बाकीच्या बायकांसोबत रडायला बसले. दोघींनी धरून बसवलं, दोघींनी धरून उठवलं. दुःखाने पाय गळाले असं सगळ्यांना वाटलं. वाटू दे.

८ सप्टेंबर, सोमवार

काल त्यांना पुरलं, लेकीशेजारी. आम्ही सासवा लांब बसलो होतो, पाठ करून. आज मर्लीन आली, डोकं भादरलेली, अंगाला पांढरी माती. हातात काही नव्हतं. तिला रिकाम्या हाताने दारात उभी पाहिली आणि मला पहिल्यांदा खरंच वाटलं की ते गेले.

मी चुलीजवळच्या खुर्चीत होते. ती जमिनीवर बसली. मग तिने खाली बघत सांगितलं.

"तो आत जात नव्हता गं. पहिल्या मंगळवारी गेला तेवढाच. बाहेर पडताना त्याने तुझी पावलं बघितली. तू त्याच्यामुळे माघारी गेलीस हे त्याला कळलं. नंतर दर मंगळवारी सिमेंटपर्यंत जायचा, ओट्यावरून मागे जायचा आणि तिथल्या पाण्याच्या टाकीमागे बसून राहायचा, वर्ग सुटेपर्यंत. त्याला भीती, की त्याची पावलं दिसली नाहीत तर मी ओरडेन, आणि तुला वाटेल की त्याने तुझ्यासाठी सोडलं. हॉस्पिटलात सांगितलं त्याने. मी मूर्ख, धुतलेला शर्ट देत होते."

ती माझा हात धरून म्हणाली, "घरी जाताना कडेला तुझी पावलं बघायचा. त्या आत आहेत, म्हणायचा. शेवटी तेच बोलत होता. निदान त्यांचे पाय राहिले, म्हणाला. तू राहशील इथे, तिच्याजवळ. आता दोघांजवळ."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? खरं सांगितलं असतं तर ते दुसऱ्यांदा मेले असते.

ती निघाली तेव्हा मी तिला पोहोचवायला फाटकापर्यंत जायला हवं होतं. भावाला पुरून आलेल्या बाईला कुणी बसल्या जागेवरून निरोप देतं का? पण खुर्चीच्या हातांना रेटा दिला असता आणि उठता आलं नसतं, तर तिने ते पाहिलं असतं. मी बसूनच राहिले. ती जरा थांबली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. तिला राग आला असेल.

किती हुशार समजत होते मी स्वतःला. सिमेंटवर माग उरत नाही म्हणे. त्यांनाही तेच ठाऊक होतं. आम्ही दोघं एकाच जमिनीवर वाढलेलो. दर मंगळवारी माझ्याच पायांनी चालत जाऊन मी त्यांना सांगत होते की आत येऊ नका.

११ सप्टेंबर, गुरुवार

नर्सने काल खुर्चीतून उठायला सांगितलं. हात छातीवर. तिने फार वेळ वाट पाहिली, चांगली आहे ती. पुढच्या महिन्यात अ‍ॅलिसच्या घरात जागा होईल म्हणाली. मर्लीनला माझी तब्येत बरी आहे, तपासणीसाठी जातेय असं सांगायचं, एवढं मी टॉप्सीकडून कबूल करून घेतलं. टॉप्सीने का म्हणून विचारलं नाही. पहिल्यांदाच.

आज सकाळी बायका पानांच्या डहाळ्या घेऊन त्यांची पावलं पुसत होत्या, घराभोवती, दुकानापाशी, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर. गेलेल्या माणसाची पावलं राहू देत नाहीत, राहिली तर त्याचा पाय निघत नाही. टाकीमागचं कुणाला माहीत नव्हतं. मर्लीनला उभंही राहवत नाही. म्हणून मी एक डहाळी घेतली आणि गेले. सिमेंटच्या कडेपर्यंत मातीतून, मग ओट्यावरून भिंतीला धरून, दुकानाच्या नाही, दुसऱ्या बाजूने.

टाकीमागे वारा पोहोचत नाही. सगळं जसंच्या तसं होतं. भिंतीला टेकून बसल्याची खूण, पुढे दोन टाचा, एक सरळ आणि एक ओढलेली, काठीची भोकं एकात एक. पावलांची तोंडं हॉलकडे नव्हती, नदीकडे होती, लेकीच्या बाजूला. भिंतीपलीकडून गाणी ऐकू येत असणार. त्यांना वाटत असणार की गाण्यावर मी पाय उचलतेय.

वाकून पुसता येईना, म्हणून खाली बसले. आयुष्यात त्यांच्या पावलावर माझी सावली पडू दिली नव्हती, आज हाताने पुसली. सावकाश पुसली. माझ्या लेकीबद्दल त्यांच्याशी थोडं बोलले. आता बोललं तर चालत असेल, नसलं चालत तरी बोलले. ती भाजलेल्या शेपटाचं टोक कुणाला द्यायची नाही, हे त्यांना माहीत होतंच, तरी सांगितलं.

पुसून झाल्यावर हात छातीवर बांधले आणि उठून पाहिलं. मग हात सोडून पाहिलं, मग भिंतीला धरून. उठता आलं नाही. मग त्यांच्याच जागी टेकून बसले, नदीकडे तोंड करून. ऊन टाकीवरून पुढे सरकलं, माझ्या पायांवर आलं, तिथून गेलं. हाक मारता आली असती. मारली नाही.

संध्याकाळी टॉप्सीच्या कुत्र्याने मला शोधून काढलं. ती स्वतः दुपारीच माझा माग काढत आली होती म्हणे, सिमेंटच्या कडेपर्यंत, आणि मी दुकानात गेले असेन असं समजून परत गेली होती.